क्रोशेची टोपली वीण: खांबाभोवती सुई फिरवून उठावदार चौकटी कशा विणाव्यात

क्रोशेच्या उठावदार विणींमध्ये टोपली वीण, म्हणजेच बास्केटवीव्ह, पाहणाऱ्याला जितकी अवघड वाटते तितकीच ती शिकायला सोपी आहे. तयार कापडावर आडव्या आणि उभ्या पट्ट्या एकमेकींच्या वरखाली गेल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तेथे काहीही गुंफलेले नसते आणि ज्याला साखळी व खांब घालता येतो त्याला ही वीण विणण्यासाठी नवा टाका शिकावा लागत नाही. बदलते ते एवढेच, की साध्या खांबासाठी सुई मागील ओळीतील टाक्याच्या माथ्यात जाते आणि येथे ती त्या टाक्याच्या दांड्याला वळसा घालून जाते. तरीही अनेकजण पाचव्या-सहाव्या ओळीपाशी अडखळतात, कारण ते ओळी पाठ करून विणत असतात आणि काम उलटल्यावर पाठांतर उपयोगी पडेनासे होते. म्हणून या लेखात ओळींचा क्रम दिला असला, तरी खरा भर हातातले कापड पाहून पुढचा टाका ओळखण्यावर आहे.

साहित्य

सरावासाठी मध्यम जाडीची, गुळगुळीत पिळाची आणि फिक्या रंगाची लोकर घ्यावी. वेष्टनावर जाडीचा क्रमांक दिला असेल तर तो 4 असावा. गडद रंगात दांडे दिसत नाहीत, आणि केसाळ किंवा गाठी असलेल्या धाग्यात ते दिसले तरी उठाव बुजून जातो. रंगीबेरंगी छटांचा धागाही या विणीला मानवत नाही, कारण येथे सारी शोभा सावलीच्या खेळातून येते आणि बदलते रंग ती सावली झाकून टाकतात. या जाडीच्या लोकरीला एरवी 5 मिमीची सुई चालते, पण टोपली वीण मुळातच दाट असल्यामुळे 5.5 मिमीपासून सुरुवात करणे बरे. शिवाय मोजमापाची पट्टी, बोथट टोकाची मोठ्या नाक्याची सुई आणि टाक्यात अडकवायच्या चार-पाच खुणा जवळ ठेवाव्यात.

दांडा आणि माथा

विणायला बसण्यापूर्वी साध्या खांबांच्या दोन ओळी विणून त्या नीट न्याहाळाव्यात. प्रत्येक खांबाचे दोन भाग दिसतील. वरच्या कडेला आडव्या साखळीसारखे दोन धागे असतात, तो माथा. त्याखाली उभा असतो तो दांडा. दोन शेजारच्या दांड्यांमध्ये अरुंद फट असते आणि आपल्या सुईचा सारा प्रवास याच फटींतून होणार आहे. दांडा चटकन दिसावा म्हणून कामाची वरची कड अंगठा आणि मधले बोट यांच्या चिमटीत धरून तर्जनीने मागून हलकेच पुढे रेटावे. दांडे सुटे होऊन समोर येतात.

येथे एक बारकावा आहे. माथा त्याच्या दांड्याच्या बरोबर वर बसलेला नसतो, उजव्या हाताने विणणाऱ्याला तो किंचित उजवीकडे सरकलेला दिसतो. त्यामुळे माथ्यावर नजर ठेवून दांडा शोधणारा माणूस हमखास एक घर चुकतो. ओळीच्या सुरुवातीला विशेषतः दांड्यांवरच नजर ठेवावी आणि माथ्यांकडे दुर्लक्ष करावे.

पुढचा खांब

सुईवर एक वेढा घ्यावा. ज्या खांबावर काम करायचे आहे त्याच्या दांड्याच्या उजवीकडील फटीतून सुई समोरून मागे न्यावी, दांड्यामागून डावीकडे सरकवावी आणि डावीकडील फटीतून पुन्हा समोर काढावी. आता दांडा सुईच्या पुढे आडवा अडकलेला दिसेल. या अवस्थेत क्षणभर थांबून पाहावे: संपूर्ण दांडा सुईवर आला आहे का, की त्याचा एखादा धागा मागे राहिला आहे? अर्धवट पकडलेला दांडा पुढे ताणला जातो आणि तेथे कायमची सुरकुती राहते. दांडा पूर्ण आला असेल तर धागा घेऊन तो त्याच मार्गाने मागे ओढावा, म्हणजे सुईवर तीन फास होतात. मग नेहमीप्रमाणे धागा घेऊन दोन फासांतून काढावा आणि पुन्हा धागा घेऊन उरलेल्या दोन फासांतून काढावा.

ओढून घेतलेला फास पुरेसा उंच ठेवणे हे या टाक्याचे मर्म आहे. सुई दांड्याभोवती अडकलेली असल्यामुळे हात आपोआप आखडतो आणि फास आखूड राहतो. मग टाका बुटका होतो आणि चौकटी दबलेल्या दिसतात. फास सध्याच्या ओळीच्या माथ्याच्या उंचीपर्यंत वर ओढावा आणि मगच पुढे जावे.

मागचा खांब

वेढा घ्यावा आणि कामाची वरची कड आपल्याकडे झुकवून त्याची मागील बाजू पाहावी. सुई मागून, दांड्याच्या उजवीकडील फटीतून समोर काढावी, दांड्याच्या पुढून डावीकडे न्यावी आणि डावीकडील फटीतून पुन्हा मागे घालावी. आता सुई दांड्याच्या पुढे आहे. धागा मागच्या बाजूलाच घ्यावा, फास मागे ओढावा आणि खांब नेहमीप्रमाणे पूर्ण करावा. बहुतेकांना हा टाका पहिल्यापेक्षा अवघड जातो, कारण सुईचे टोक नजरेआड असते. यावर उपाय एकच: सलग वीस-पंचवीस मागचे खांब विणून हात बसवावा आणि मगच चौकटींकडे वळावे. डाव्या हाताने विणणाऱ्यांनी दोन्ही टाक्यांच्या वर्णनात उजवे-डावे उलट करून वाचावे.

या दोन टाक्यांनी माथ्याचे काय होते, हे समजले की वीण समजली. पुढचा खांब घालताना मागील ओळीतला माथा वापरला जात नाही आणि तो कापडाच्या मागे ढकलला जातो. समोर फक्त उभे दांडे उठून दिसतात. मागचा खांब घालताना तोच माथा पुढे येतो, आणि शेजारी शेजारी चार माथे पुढे आले की त्यांची एक आडवी कड तयार होते. टोपलीची उभी पट्टी दांड्यांची आणि आडवी पट्टी माथ्यांची असते. नवखे विणणारे खोलगट चौकटीला रिकामी जागा समजतात, परंतु डोळ्यांना गुंफण भासते ती त्या चौकटीतल्या आडव्या कडांमुळेच.

नमुन्याचा तुकडा, ओळीओळीने

चार खांब रुंद आणि तीन ओळी उंच अशी चौकट घेऊ. पुढचे-मागचे खांब मागील ओळीच्या दांड्यावर, म्हणजे थोडे खालून सुरू होत असल्यामुळे त्यांच्या ओळी साध्या खांबांच्या ओळींपेक्षा बुटक्या होतात, आणि त्यामुळे चार बाय तीनची चौकट जवळजवळ चौरस दिसते.

सुरुवातीची साखळी 8 च्या पटीत घालावी. नमुन्यासाठी 24 साखळ्या पुरेत. ही साखळी एक आकार मोठ्या सुईने घातली तर खालची कड आखडत नाही.

पहिली ओळ: सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घालावा आणि पुढील प्रत्येक साखळीत एकेक खांब घालत जावे. सोडलेल्या तीन साखळ्या एक खांब मानाव्यात. एकूण 22 खांब होतील: कडेचे दोन आणि मधले 20. ही ओळ साधीच ठेवावी लागते, कारण साखळीला दांडा नसतो आणि वळसा घालायला काहीतरी उभे असावे लागते.

दुसरी ओळ: काम उलटून 2 साखळ्या घालाव्यात, हा कडेचा टाका झाला. कडेचा खांब सोडून त्यापुढील चार खांबांवर चार पुढचे खांब, नंतर चार मागचे, चार पुढचे, चार मागचे आणि चार पुढचे खांब घालावेत. शेवटी कडेच्या तीन साखळ्यांपैकी सर्वांत वरच्या साखळीत एक अर्धा खांब घालावा, म्हणजे वेढा घेऊन सुई साखळीत घालावी, फास ओढावा आणि तिन्ही फासांतून एकदाच धागा काढावा.

तिसरी ओळ: काम उलटून 2 साखळ्या. आता चार मागचे, चार पुढचे, चार मागचे, चार पुढचे, चार मागचे. शेवटी मागील ओळीच्या 2 साखळ्यांपैकी वरच्या साखळीत अर्धा खांब.

चौथी ओळ: दुसऱ्या ओळीप्रमाणे, फक्त शेवटचा अर्धा खांब दोन साखळ्यांपैकी वरच्या साखळीत. येथे चौकटींची पहिली रांग पूर्ण झाली.

पाचव्या ओळीपासून चौकटी बदलतात: जेथे उठाव होता तेथे खोलगा येतो आणि जेथे खोलगा होता तेथे उठाव. गंमत अशी, की शब्दांत लिहिल्यास पाचवी ओळ चौथीसारखीच आहे, चार पुढच्या खांबांनी सुरू होणारी. सहावी तिसरीसारखी, सातवी पुन्हा दुसरीसारखी. म्हणजे चौकटींच्या प्रत्येक रांगेतील पहिली आणि तिसरी ओळ पुढच्या खांबांनी सुरू होते आणि मधली मागच्या खांबांनी. प्रत्येक रांगेत ओळींची संख्या विषम असल्यामुळे नवी रांग कापडाच्या उलट बाजूने सुरू होते, आणि तीच सूचना या बाजूने विणली की समोरून उलट परिणाम देते. चौकट चार ओळी उंच घेतली तर हा सोपा हिशेब मोडतो. पहिल्याच प्रयत्नात तीन ओळींची चौकट घ्यावी, असे मी सुचवतो त्याचे हेही एक कारण आहे.

पाहून विणण्याचा नियम

वरील क्रम विसरला तरी चालेल, कारण कापड स्वतःच पुढचा टाका सांगते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला काम आपल्याकडे तोंड करून धरावे आणि पहिल्या चार दांड्यांकडे पाहावे. ते आपल्याकडे उठून आले असतील आणि चौकट चालू ठेवायची असेल, तर त्यांच्यावर पुढचे खांब घालावेत. ते मागे दडले असून पुढे आडवी कड दिसत असेल, तर मागचे खांब घालावेत. चौकट बदलायची असेल तर नेमके उलट: उठलेल्यावर मागचे आणि दडलेल्यावर पुढचे. कापडाची सुलट बाजू समोर आहे की उलट, याचा विचार करण्याची गरजच नाही, कारण हा नियम दोन्ही बाजूंनी सारखाच लागू पडतो.

उरतो एवढाच प्रश्न की चौकट कधी बदलायची. त्यासाठी कागदावर रेघा मारण्यापेक्षा खोलगट चौकटीतील आडव्या कडा मोजाव्यात. तीन कडा पूर्ण झाल्या की चौकट संपली. काम चार दिवस बाजूला पडले आणि परत हाती घेतले, तरी या कडांवरून आपण कोठे थांबलो होतो ते नेमके कळते.

ही वीण दोन्ही बाजूंनी एकसारखी दिसते, हा तिचा मोठा गुण होय. मफलर किंवा पांघरूण यांसारख्या, दोन्ही बाजू दिसणाऱ्या वस्तूंसाठी ती म्हणूनच निवडली जाते.

कडा आणि मोजणी

सर्वाधिक चुका ओळीच्या दोन टोकांना होतात. उलटल्यानंतर घातलेल्या 2 साखळ्या हाच कडेचा टाका आहे, हे विसरून लगेच खालच्या पहिल्या दांड्यावर खांब घातला की एक टाका वाढतो. दुसऱ्या टोकाला शेवटचा खांब मागच्या खांबांच्या कडेआड लपतो आणि सुटून जातो, तेव्हा एक टाका कमी होतो. कधी या दोन्ही चुका एकाच ओळीत घडतात. एकूण संख्या बरोबर येते, पण चौकटी एक घर सरकलेल्या असतात, आणि ही चूक दोन-तीन ओळी लक्षातच येत नाही.

यावर उत्तम तपासणी म्हणजे संपूर्ण ओळ मोजत बसण्याऐवजी शेवटची चौकट पाहणे. दिलेल्या मांडणीत प्रत्येक ओळीची पहिली आणि शेवटची चौकट एकाच प्रकारच्या खांबांची असते. पुढच्या खांबांनी सुरू झालेली ओळ पुढच्या चार खांबांनीच संपली पाहिजे आणि त्यानंतर फक्त कडेचा टाका उरला पाहिजे. तसे झाले नाही तर चूक याच ओळीत आहे. रुंद पांघरुणात दर आठ टाक्यांनंतर एक खूण अडकवली, तर चूक कोणत्या चौकटीत आहे तेही कळते.

चूक सापडली की तेथपर्यंत उसवावे. दोन सुयांच्या विणकामात एकच घर खालपर्यंत सोडून दुरुस्त करता येते, तशी सोय क्रोशेत नाही. उसवताना दांड्याभोवतीचा धागा अडकतो, म्हणून एकेक टाका सावकाश काढावा आणि थांबायच्या जागेच्या टाक्याच्या फासात आधीच खूण घालून ठेवावी.

कापड आखडले किंवा कडक झाले तर

कापड पुठ्ठ्यासारखे ताठ वाटत असेल तर अर्धा मिमी मोठी सुई घ्यावी. त्यानेही फरक पडला नाही तर फास आखूड ओढला जात आहे असे समजावे. पहिली ओळ पसरट आणि वरचे कापड अरुंद दिसत असेल तर काळजीचे कारण नाही, कारण चौकटी थोड्या आत ओढल्या जातातच. मात्र याच कारणाने रुंदीचे माप पहिल्या ओळीवर कधीही घेऊ नये. किमान चौकटींच्या चार रांगा विणून, तुकडा धुऊन वाळवून, मधोमध माप घ्यावे.

या विणीला साध्या खांबांपेक्षा धागा बराच जास्त लागतो आणि तो ऐनवेळी संपला तर त्याच छटेचा पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून अंदाज नमुन्यावरून काढावा. समजा, 15 सेंमी लांब व 15 सेंमी रुंद तुकड्याचे वजन 20 ग्रॅम भरले. त्याचे क्षेत्रफळ 225 चौरस सेंमी झाले. 20 सेंमी रुंद आणि 160 सेंमी लांब मफलरचे क्षेत्रफळ 3200 चौरस सेंमी होते, म्हणजे सुमारे 284 ग्रॅम धागा. त्यात दहावा हिस्सा मिळवून सुमारे 310 ग्रॅमची तयारी ठेवावी.

धाग्याची निवड वस्तू पाहून करावी. लोकर लवचीक असल्याने उठाव टिकवून धरते. सुती धाग्यात चौकटी सर्वांत रेखीव दिसतात, पण कापड जड होते आणि मोठ्या आकारात स्वतःच्या वजनाने लांबते. गरम भांड्याखाली ठेवायचा तुकडा विणायचा असेल तर केवळ सुती धागाच वापरावा, कारण अॅक्रिलिक उष्णतेने वितळते. अंगाभोवती सैल पडणाऱ्या शालीसाठी ही वीण मी निवडणार नाही. तिची जाडी आणि भारदस्तपणा उशीचे अभ्रे, पांघरुणे, पिशव्या आणि टोप्या यांनाच शोभतो.

दुसऱ्या पॅटर्नमधून विणताना

इंग्रजी पॅटर्न वापरताना तो अमेरिकी आहे की ब्रिटिश, हे आधी पाहावे. आपला खांब अमेरिकी पद्धतीत डबल क्रोशे आणि ब्रिटिश पद्धतीत ट्रेबल क्रोशे म्हणून लिहिलेला असतो. त्यामुळे पुढचा खांब एकीकडे एफपीडीसी आणि दुसरीकडे एफपीटीआर या अक्षरांनी दिसतो, तर मागच्या खांबासाठी एफपीऐवजी बीपी येते. ब्रिटिश पॅटर्नमधील डबल क्रोशे हा मात्र आपला मुका खांब, म्हणजे सुईवर वेढा न घेता घातलेला बुटका टाका असतो.

गोलात विणताना

टोपी किंवा पिशवी विणताना कडेचे टाके लागत नाहीत, म्हणून पहिल्या फेरीतील खांबांची संख्या नेमकी 8 च्या पटीत असावी. काम उलटायचे नसल्यामुळे सुलट बाजू कायम समोर राहते आणि चौकट चालू असेपर्यंत पुढच्यावर पुढचे व मागच्यावर मागचे खांब येत राहतात. पहिल्या साध्या फेरीनंतर चौकटीच्या तीन फेऱ्या झाल्या की पाचव्या फेरीत अदलाबदल करावी. पाहून विणण्याचा नियम येथेही जसाच्या तसा लागू होतो. फेरी जोडल्याची रेघ चौकटींच्या सीमेवर ठेवली तर ती फारशी दिसत नाही.

काम पूर्ण करताना

शेवट नेहमी चौकटींची रांग पूर्ण झाल्यावरच करावा. वरच्या कडेला, अर्धा मिमी लहान सुईने, प्रत्येक माथ्यात एक मुका खांब घालावा, म्हणजे कड सरळ बसते. बाजूच्या कडांवर दर दोन ओळींमागे तीन मुके खांब साधारणपणे पुरतात. कड लाटेसारखी हलू लागली तर एखादा कमी करावा, आखडली तर एखादा वाढवावा, आणि कोपऱ्यात एकाच जागी तीन घालावेत. सुटी टोके आडव्या कडांच्या आतून, एकदा जाऊन उलट दिशेने परत आणून लपवावीत. दोन्ही बाजू दिसणाऱ्या कापडात टोक लपवायला यापेक्षा चांगली जागा नाही.

या कापडावर इस्त्री टेकवू नये. अॅक्रिलिक तर एकदा दाबले गेले की त्याचा उठाव परत येत नाही. तुकडा कोमट पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा, सपाट जागेवर मापानुसार पसरावा आणि कडा टाचण्यांनी हलकेच धरून ठेवाव्यात. जोराने ताणले तर चौकटी सपाट होतात, म्हणून रुंदी एखाददुसरा सेंटिमीटर कमी भरली तरी तशीच राहू द्यावी. जाडीमुळे वाळायला साध्या विणीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि वरून कोरडे वाटले तरी चौकटींच्या आत ओल असते. बोटाने खोलगट भाग दाबून पाहिल्याशिवाय टाचण्या काढू नयेत.